इन्फ्रारेडवाला रिश्ता

मी जाहिदा. चंद्रपूरच्या गोल बाजारात बांगड्या विकते अन् रिकाम्या वेळात लोकांचे रिश्ते लावते. बांगड्यांत मी कधी बेइमानी केली नाई. चिरलेली बांगडी कोणाच्या हातात घातली असन तर त्या बाईनं येऊन तोंडावर सांगावं. रिश्त्याच्या कामात मात्र निव्वळ इमानदारीनं भागत नाई, हे पहिलेच सांगून टाकते, म्हणजे मंग कोणी नाक मुरडायले नको. घरात आम्ही हिंदी बोलतो. पण बावीस वर्षं गिऱ्हाइकांशी मराठीत भांडून भांडून आता मले रागही मराठीतच येते, म्हणून हे मराठीत सांगून राह्यली.

माहा मोठा भाऊ बाबूभाई पठाणपुरा गेटापाशी गाद्या-रजया भरते. बाजारातले बाकीचे गादीवाले काय करतात, वरून नवा कापूस लावतात अन् आत जुना कोंबतात. झोपणाऱ्याले सहा महिन्यांनी समजते, तवर त्याच्या पाठीले सवय झालेली राहते. बाबूभाई असं करत नाई, म्हणून त्याच्या घरावर अजून कवेलूच आहेत, स्लॅब काही पडला नाई. रिश्ते लावणं मी त्या बाकीच्या गादीवाल्यांपासून शिकली.

बाबूभाईची एकच पोट्टी, अंजुम. तवा, म्हणजे दोन हजार पाच साली, तिची उमर एकोणतीस होती. मुलचेऱ्यात पोरवाल्यांले मी पंचवीस सांगितली, ते पुढं येईनच. अंजुम नर्स आहे. धानोऱ्याच्या पुढं जंगलातल्या गावांत फिरते, स्कूटीवर लसीचा डबा बांधून. गाडी जाते तिथवर गाडी, मंग पायी. नाला आला की डबा डोक्यावर. एका गावात सोमारी नावाच्या बाईचं अडलेलं बाळंतपण तिनं सोडवलं, तर त्या बाईनं पोरीचं नाव अंजुम ठेवलं. गोंडाची पोट्टी अन् नाव अंजुम, आता काय म्हणाल. आमच्या अंजुमले त्याचा इतका अभिमान की सहा महिने पगार नाई भेटला तरी तिचं तोंड वाकडं होणार नाई.

तिले बारा रिश्ते आले, बारा गेले. कोणाले ती सावळी दिसली, कोणाले उंच. एका पोराच्या मायनं तर तिचा दंड दाबून पाहिला, जसं बाजारात वांगं पाहतात. अन् ज्याईले ती पसंत पडली, त्याईचं एकच म्हणणं, नोकरी सोडा. तिथी ही पोट्टी नाई म्हणे अन् उठून आत जाये.

तेराव्या वेळेस तिनं मले, म्हणजे आपल्या आत्याले, आधीच गाठलं. 'फुप्पी,' म्हणे, 'नोकरी सोडायची असन तर मले आत्ताच सांग. मी शरबताचा ट्रे उचलत नाई.'

'कोण म्हणते सोड?' मी म्हटलं. 'त्याईले नोकरीवालीच पायजे.'

अन् त्याच हप्त्यात मुलचेऱ्याले जाऊन सांगून आली की नोकरी काय, टाइमपास आहे, निकाह झाला की सोडन. दोन्हीकडं दोन गोष्टी. इतकं तर सगळेच करतात. एकदा लगन झालं की नवराबायको आपसात भांडून काय ते ठरवून घेतात, मी काही तिथी राहायले जात नाई. पण यावेळेस गोष्ट वेगळी होती, खोटं काऊन बोलू. ही गिऱ्हाइकाची पोट्टी नव्हती, माह्या भावाची होती, माह्या मांडीवर वाढलेली. मले तिचं भलं पाहायचं होतं अन् मीच तिले फसवून राह्यली होती. हे दोन्ही एका वेळेस कसं होते ते मले विचारू नका, पण होते.

आता पोराकडचं सांगते. पोरगा नबील, तेहतीस वर्षांचा, मुलचेऱ्यात कपड्याचं दुकान. आजूबाजूच्या बंगाली गावांतल्या बायांले साड्या विकून विकून बंगाली फाडफाड बोलते. शिक्षण मी बाबूभाईले बी.ए. सांगितलं, होतं दहावी नापास. माय नाई. बाप हाजीसाहेब कंबरेचं हाड मोडून पलंगावर पडलेले, पण हुकूम त्याईचाच. अन् तो हुकूम चालवायले मोठी पोरगी कहकशाँ. तिले चंद्रपुरातच दिली, पण मायकेचा कारभार तिनं काही सोडला नाई. कहकशाँ दिसायले गोड, बोलायले त्याहून गोड, अन् तुमच्या घरात बसल्या बसल्या पडद्याचा कपडा किती रुपये मीटर ते पाहून घेते.

हाजीसाहेबांचं म्हणणं, मले चालता येत नाई, पोट्टीचा फोटो दाखवा, मंग बोलू. बाबूभाईचं म्हणणं, फोटो भेटणार नाई.

त्यालेही कारण होतं. अंजुम दहावी पास झाली तवा कॉलेजच्या फॉर्मासाठी तिचा फोटो काढला होता. फोटोवाल्याले तो इतका आवडला की त्यानं मोठा करून दुकानाच्या काचेत लावला, नमुना म्हणून. दुकान बसस्टँडाच्या समोर. गडचिरोलीहून येणारा, सिरोंच्याहून येणारा, जो उतरे तो पहिले आमची पोट्टी पाहे अन् मंग रिक्षा करे. असे आठ महिने गेले. शेवटी एका गिऱ्हाइकानं गादीचं माप देता देता बाबूभाईले सांगितलं, 'तुमची लेक मस्त दिसते जी काचेत.' बाबूभाई कपडा मोजायचा लोखंडी गज घेऊन तसाच निघाला. काच फोडली, फोटो आणला, काचेचे पैसे दिले, अन् त्या दिवसापासून आमच्या घरात कागदावरचा फोटो बंद.

म्हणून मी मोबाइल घेतला. सेकंडहँड, कॅमेऱ्यावाला. गोल बाजारातल्या आकिब मोबाइलवाल्यानं पहिले मले ब्लूटूथवाला दाखवला.

'यातून फोटो कसा जाते?' मी विचारलं.

'हवेतून जाते, जाहिदाबाई. खोलीत कोणीही बसला असू द्या, त्याच्या मोबाइलात जाते.'

'तौबा. हे तर त्या काचेसारखंच झालं.'

'मंग हा इन्फ्रारेडवाला घ्या,' आकिब म्हणे. त्यानं मोबाइलच्या डोक्यावरची काळी चकचकीत पट्टी दाखवली. 'दोन मोबाइल समोरासमोर ठेवायचे, वीतभर अंतरावर. पट्टीसमोर पट्टी, एकदम सरळ. मधात बोट आलं तरी तुटते. ऊन पडलं तरी तुटते. हात हलला तरी तुटते. तिसऱ्या माणसाले काहीच भेटत नाई.'

मले तो मोबाइल इतका शरीफ वाटला की मी भावही केला नाई.

आता कोणी म्हणन की मोबाइलवरून मुलचेऱ्याले फोटो पाठवून द्यायचा. तवा मुलचेऱ्यात टॉवर होता कुठी? नबील तिथी मोबाइल खिशात ठेवे तो घड्याळ म्हणून. त्यानं चंद्रपुराले यावं, आपल्या मोबाइलात फोटो घ्यावा अन् बापाले नेऊन दाखवावा, इतकाच रस्ता होता. नशीब की त्याच्याही मोबाइलले ती काळी पट्टी होती. मी बाबूभाईले हे सगळं समजावलं.

'कागद नाई?' त्यानं विचारलं.

'नाई.'

'मधात दुकानदार नाई?'

'मधात कोणीच नाई.'

'मंग चालते,' बाबूभाई म्हणे. 'पण पोरगा-पोरगी बोलत बसणार नाईत. ट्रे ठेवन अन् आत जाईन. आपल्यात जसं आहे तसंच.'

मले तर तेच पायजे होतं. बोलले की मी मेली.

मे महिन्यातला रविवार होता. चंद्रपूरचं ऊन तुमाले माहीत आहे, सकाळी अकरालेच रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. बैठकीत कूलर असा गरजून राह्यला होता की बाजूच्याले सांगायची गोष्टही वरडून सांगावी लागे. कहकशाँ अन् नबील आले. अंजुम ट्रे घेऊन आली, ठेवला, नजर खाली, आत गेली. माह्या अंदाजानं सात सेकंद. नबीलनं तेवढ्यात जे पाहायचं ते पाहून घेतलं असन, पण चेहरा दुकानदाराचा, काही समजू देईन तर शपथ. कहकशाँनं कबाब खाल्ले, पडदे पाहिले, आणखी कबाब खाल्ले.

'चला,' म्हणे, 'फोटो घेऊन टाका. अब्बा वाट पाहून राह्यले.'

मी मोठ्या तोऱ्यात मोबाइल काढला. अंजुमचा फोटो मीच काढला होता, गुलाबी शरारा घालून, कवेलू दिसणार नाई अशा बेतानं. बटण दाबलं. मंग दुसरं दाबलं. मंग मोबाइलनं इंग्रजीत मले काही विचारलं अन् तिथी माही गाडी अडकली. मले फक्त हिरवं, लाल अन् फोटोचं बटण येत होतं. बाकी सगळं अंजुमनंच भरून दिलं होतं. नबीलकडं दिला तर तो म्हणे, 'मले माहाच येते जी, हा वेगळा आहे.' बाबूभाईनं मोबाइल हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला अन् परत दिला. कहकशाँले तर विचारायचीच सोय नव्हती, ती बटणं दाबत नाई, माणसं दाबते.

मी अंजुमले हाक मारली. ती दाराच्या आडूनच म्हणे, 'फुप्पी, एकट्यानं होत नाई ते. एकानं पाठवायचं अन् एकानं त्याच वेळेस घ्यायचं. अन् इथी तर नाईच होणार. खिडकीतून ऊन येते, अन् कूलरनं टेबल हलून राह्यला.'

पाठवणारी एकच होती अन् घेणारा एकच होता, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. मी मनातल्या मनात आकिबले शिव्या घालून राह्यली होती.

'किती वेळ लागते?' बाबूभाईनं विचारलं.

'दोन मिनिटं,' अंजुम म्हणे.

'दोन मिनिटांत काय होते,' कहकशाँ म्हणे. 'दरवाजा उघडा राहू द्या, झालं.'

तर मागच्या छपरीत मांडामांड केली. दोन स्टूल, मधात पत्र्याची पेटी, पेटीवर दोन मोबाइल, तोंडाले तोंड. इकडून अंजुम बसली, तिकडून नबील. आमच्या छपरीत अकरानंतर उन्हाचा पट्टा येते, तो नेमका पेटीवर. आता ऊन पडलं तर तुटते, अन् तुटलं तर वेळ लागते, अन् वेळ लागला तर हे दोघं बोलतात. म्हणून मी घाईघाईनं बाबूभाईच्या गादीची एक मोठी खोळ आणली अन् दोरीवर टाकली. ऊन गेलं. पण त्या खोळीच्या आड ते दोघंही गेले. बैठकीतून आता फक्त चार पाय दिसत होते. मी माह्या हातानं पडदा लावून दिला, अन् दहा वर्षं मी लोकांच्या पोरींवर नजर ठेवायचं काम करत आली आहे. माह्यासारखी गाढव मीच.

दोन मिनिटं झाली. 'झालं का?' मी बैठकीतून विचारलं.

'तुटलं फुप्पी. हात हलला.'

आणखी दोन. 'झालं?'

'अर्ध्यावर आलं होतं. तुटलं.'

मी उठून छपरीत गेली. दोघं मान खाली घालून मोबाइलकडं पाहून राह्यले होते, निकाहाच्या कागदाकडं पाहतात तसे गंभीर. मी वाकून पाहायले गेली तर अंजुम म्हणे, 'मधात येऊ नको, फुप्पी. तू मधात आली की तुटते.' हे आकिबनंही सांगितलंच होतं. मी मागं सरली अन् बैठकीत येऊन बसली, पण जीव छपरीत.

बाबूभाईले आता यंत्राचा कळवळा आला. तो साधा माणूस, काम अडलं की मदत करायले धावते. 'आणखी जवळ घ्या,' तो बैठकीतून वरडला. मंग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं अन् कानापर्यंत लाल झाला. 'मोबाइल. मोबाइल जवळ घ्या,' तो म्हणे.

'अन् हलू नका,' कहकशाँनं तिकडून जोर लावला. 'एकदम सरळ, नजर हटवू नका. अब्बाले फोटो अर्धा जायले नको.'

अशे आमचे बुजुर्ग. ज्या पोरापोरीनं एकामेकाकडं पाहू नये म्हणून आम्ही बारा वेळा ट्रेचं नाटक केलं, त्याईले आता जवळ बसा, हलू नका, नजर हटवू नका म्हणून वरडून सांगून राह्यलो. अन् मले हसूही येईना. कूलरच्या आवाजात छपरीतलं एखादं एखादं अक्षर येत होतं. 'दहावी' ऐकू आलं. तो नबीलचा आवाज. मंग काहीच नाई. मंग अंजुमचा आवाज, 'पंचवीस?' अन् त्यावर ती हसली. माही पोट्टी बारा रिश्त्यांत एकदा हसली नव्हती.

मी उठून कूलर बंद केला.

'काऊन बंद केला?' कहकशाँ म्हणे. 'जीव घेता काय आमचा?'

'लाइट वाचवून राह्यली,' मी म्हटलं, जे तोंडात आलं ते.

'तुमच्या भावाची लाइट वाचवा मंग कधी. चालू करा.'

चालू केला. तेवढ्या अर्ध्या मिनिटात छपरीतून फक्त दोन शब्द आले, 'धानोरा' अन् 'नोकरी'. बस. गेली भैंस पाण्यात. मी भिंतीले टेकून बसली अन् हिशेब करायले लागली की पहिले कोण उठून येईन, अंजुम की नबील, अन् कोण जास्त वरडन. बाबूभाईनं मले मागच्या महिन्यातच सांगितलं होतं, 'जाहिदा, हा रिश्ता जर पोट्टीच्या मनाविरुद्ध निघाला तर या घरात पाऊल ठेवू नको.' तो कधी दमदाटी करत नाई, म्हणून त्याचं एकदा सांगितलेलंच माह्या ध्यानात राहते.

पण कोणी उठलं नाई, कोणी वरडलं नाई. मी शरबताच्या निमित्तानं गेली, तर 'पंच्याहत्तर टक्के झालं होतं, फुप्पी'. मी खरबुजाच्या फोडी घेऊन गेली, तर 'बॅटरी गरम झाली, थंड होऊ द्या'. नबीलनं एक फोड उचलली अन् 'शुक्रिया' म्हणे, इतक्या अदबीनं की माही हिंमत झाली नाई विचारायची. बाबूभाई मोबाइल बनवणाऱ्या समद्या कंपन्यांले शिव्या घालून राह्यला. कहकशाँ म्हणे, यापेक्षा स्टुडिओचा फोटो बरा होता. बाबूभाईनं तिच्याकडं असं पाहिलं की तिनं कबाबाची ताटली ओढली अन् तोंड बंद केलं.

दुपारची, जोहरची अजान झाली. अजान संपली अन् अंजुमचा आवाज आला, 'झालं फुप्पी. गेला फोटो.'

ती येऊन दाराच्या आड उभी राह्यली. नबील बैठकीत आला, बसला, मोबाइल बहिणीच्या हातात दिला. कहकशाँनं फोटो पाहिला, मोठा करून पाहिला, लांब धरून पाहिला. शरारा पसंत पडला. 'छान आला,' म्हणे अन् मोबाइल माह्याकडं केला. 'पाहा, पूर्ण आला.'

मले इंग्रजी येत नाई, पण आकडे येतात. बांगड्यांची मापं आकड्यांतच राहतात. फोटोच्या खाली बारीक आकडे होते, अकरा वाजून बत्तीस मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी दोनदा पाहिलं. फोटो पहिल्या झटक्यातच गेला होता. मी पहिल्यांदा 'झालं का' म्हणून विचारलं तवाच झाला होता. त्याच्यानंतर दीड घंटा ती माही भाची अन् हा दहावी नापास दुकानदार, हात हलला, बॅटरी गरम झाली, पंच्याहत्तर टक्के झालं, असं सांगून आम्हा तीन बुजुर्गांले बनवून राह्यले होते. बरं, एकटी अंजुम नाई. फोटो आला का नाई, हे तर त्यालेच दिसत होतं. म्हणजे माहं खोटं समजल्यावर तो उठून गेला नाई, बसून राह्यला. मी लाल बटण दाबलं. पडदा काळा झाला. 'बंद पडला वाटते,' मी म्हटलं अन् मोबाइल नबीलले परत दिला. त्यानं माह्याकडं पाहिलं अन् खिशात घातला.

'अब्बाले पसंत पडणारच,' कहकशाँ म्हणे. हात पुसले, पदर सारखा केला. 'मंग आता राजीनाम्याचं ठरवून टाका. सरकारी नोकरीले महिनाभर आधी द्यावा लागते म्हणतात. कवा देऊन राह्यली अंजुम?'

बाबूभाईनं मान वर केली. 'कशाचा राजीनामा?'

'नोकरीचा. जाहिदाबाईनं सांगितलं ना, लगन झालं की सोडते.'

बाबूभाईनं माह्याकडं पाहिलं. कहकशाँनंही पाहिलं. माह्याजवळ उत्तर तयार होतं, खोटं काऊन बोलू. दहा वर्षांचा माल आहे माह्याजवळ. म्हटलं असतं, बदलीचा अर्ज दिला आहे, मुलचेऱ्याच्या आसपास भेटन, मंग हळूच सोडन. दोघंही खुश, अन् मी माही टोपली उचलून घरी. जिभेवर आलंही होतं.

पण मी दाराकडं पाहिलं. अंजुम तिथी उभी होती. मले वाटलं डोळ्यांत अंगार असन. नव्हता. ती वाट पाहून राह्यली होती, बस. तिनं सगळं सांगून टाकलं असतं तर मी काय केलं असतं? काहीच नाई. नबीलही बोलू शकत होता. दीड घंटा त्याईले माहीत होतं की मी दोन्हीकडं काय काय सांगून आली, अन् दोघांनीही माही बेइज्जती न करता ते माह्यासाठी सोडलं होतं. मले इतकी लाज वाटली की आजवर कोणी शिव्या दिल्या तरी वाटली नव्हती.

'बोला फुप्पी,' नबील म्हणे. फुप्पी म्हणे मले.

'सोडणार नाई,' मी म्हटलं. आवाज कूलरच्या वर गेला पायजे म्हणून वरडूनच बोलली. 'ना लगनाच्या आधी, ना नंतर. तिनं मले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुमच्याकडं मी खोटं सांगितलं. तिची उमर पंचवीस नाई, एकोणतीस आहे. अन् भाई, तुलेही खोटं सांगितलं. पोरगा बी.ए. नाई, दहावी नापास आहे. अन् अंजुमले मी म्हटलं की त्याईले नोकरीवालीच पायजे. हेही खोटं. सगळं मी केलं. पोट्टीनं केलं नाई अन् पोरानंही केलं नाई.'

इतकं सरळ मी माह्या निकाहातही बोलली नव्हती. बाबूभाई गज घेऊन उठला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त माह्याकडं पाहत राह्यला, अन् मले दिसलं की त्याचं तोंड म्हाताऱ्याचं झालं आहे. मी त्याची लहान बहीण, त्यानं माह्यावर बारा वेळा भरवसा ठेवला होता.

कहकशाँ उठली. तिनं पर्स घेतली अन् आवाज न चढवता, गोडीगोडीनं सगळं बोलून घेतलं. की आमच्या घरच्या सुना जंगलात भटकत नाईत. की एकोणतीस म्हणजे काय उमर झाली. की जाहिदाबाईच्या बांगड्याही आता तपासूनच घ्याव्या लागतील. अब्बा तर ऐकतील अन् त्याईचं दुसरं हाड मोडन. 'फोटो मिटवून टाक,' ती नबीलले म्हणे, 'अन् चाल.'

ती दरवाज्यापर्यंत गेली. चपला घातल्या. बाहेरचं ऊन आत आलं.

'नबील. चाल म्हटलं ना.'

नबील उठला नाई. त्यानं मोबाइल खिशातून काढलाही नाई. तो बाबूभाईकडं वळला अन् दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला, शाळेत मास्तरासमोर बसतात तसा.

'मी दहावी नापास आहे जी,' तो म्हणे. 'गणितात दोनदा गेलो. अंजुमनं नोकरी करावी, मले चालते, अब्बाले मी समजावीन. धानोऱ्याले दुकान टाकता येते का तेही पाहीन. तुमाले दहावी नापास चालन का?'

बाबूभाईनं त्याच्याकडं पाहिलं. मंग दाराकडं पाहिलं, जिथी अंजुम उभी होती.

'मले काय विचारते, बाबा,' तो म्हणे. 'तिले विचार.'

'तिले विचारलं जी,' नबील म्हणे. 'तुमालेच विचारायचं राह्यलं होतं.'